मुदतवाढ

"अडीच लाख म्हंजी महिन्याचं का वर्साचं, सर?" न्हाव्यानं विचारलं तेव्हा वस्तरा जस्टिन पाटोळेच्या कानाच्या पाळीखाली होता, त्यामुळे मान फिरवून त्याच्याकडं बघायचीसुद्धा सोय नव्हती. आरशात बघावं तर तोंडभर फेस, आणि फेसातून दोन डोळे, चोरी पकडल्यासारखे. आकडा बरोबर होता, तीच तर खरी पंचाईत. चुकीचा असता तर हसून सोडून देता आला असता. शुक्रवारी दुपारी आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये दार लावून तोंडी ठरलेला आकडा रविवारी सकाळी श्रीरामपुरातल्या मेन रोडवरच्या सलूनमध्ये पोचला होता. जस्टिननं तो फक्त बायकोला सांगितला होता. एंजेलानं सासऱ्यांना सांगितला असणार, आणि सासरे म्हणजे जस्टिनचे वडील, प्रभुदास मास्तर. त्यांना सांगितलं म्हणजे गावात दवंडी द्यायचं काम राहिलंच नाही. "महिन्याचं," जस्टिन म्हणाला. वस्तरा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला, पण आता जरा जपून, जरा अदबीनं. उठताना त्यानं खिशात हात घातला तर न्हावी म्हणाला, "र्‍हाऊ द्या सर. आता तुमच्याकडून काय घ्यायचं?" गेल्या महिन्यापर्यंत नव्वद हजार होते, तेही दोन-दोन महिने थकायचे, तेव्हा हाच माणूस दहा रुपये सुट्टे नाहीत म्हणून टाळाटाळ करायचा. ज्याच्याकडं नाही त्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याच्याकडं आहे त्याला सोडायचे, ही असली कसली रीत? जस्टिननं नोट तशीच काचेसमोर ठेवली आणि तो बाहेर पडला.

बाहेर मळीचा वास होता. साखर कारखाने नुकते पेटले होते आणि दर हंगामात हा वास गावावर येऊन बसतो. गावच्या माणसाला तो चार दिवसांनी कळेनासा होतो. जस्टिनला यंदा कळत राहिला होता. शुक्रवारपासून तर चहात, उशीत, स्वतःच्या तळहाताला, सगळीकडं तोच वास, गोडसर, कुजका, घशाला चिकटून राहणारा. आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये मात्र तो नव्हता. तिथं एसी होता, काचेच्या वाटीत काजू-बदाम होते, आणि भिंतीवर आप्पासाहेबांच्या आईचा फोटो, हार घातलेला. आईच्या नावानं कारखाना, आईच्या नावानं कॉलेज, आणि तीन वर्षांपूर्वी कुणी कानात सांगितलं की क्रिकेटमध्ये आता गर्दी फार झाली, फुटबॉलमध्ये नाव लवकर होतं, तेव्हा आईच्या नावानं क्लब: यमुना स्पोर्टिंग. त्या बिचाऱ्या यमुनाबाईंनी आयुष्यात कधी चेंडूकडं बघितलं असेल की नाही देव जाणे. पण क्लब निघाला, पोरं पगारावर घेतली, आणि जस्टिनला हेड कोच नेमलं. मिशन कंपाउंडच्या खडीवर अनवाणी खेळून मोठा झालेला माणूस, पुण्यात खेळला, गोव्यात खेळला, मग एंजेलाच्या पाटल्या मोडून कोचिंगची लायसन्सं घेत बसला. त्यानं तीन वर्षांत या पोरांना वरच्या विभागात नेलं. करार या महिन्याअखेर संपत होता. नाशिकचा एक क्लब विचारत होता, पण मुंबईचं कुणी विचारत असल्याची अफवा आप्पासाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांचा हात एकदम सैल झाला. दोन वर्षांची मुदतवाढ, अडीच लाख महिना, नगरला फ्लॅट, गाडी. जस्टिननं ती अफवा खोडली नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व.

आणि मग, सगळं ठरल्यावर, चहा सांगून झाल्यावर, आप्पासाहेब म्हणाले होते, "एक बारीक काम आहे, सर. तो तुमचा गोलकीपर. राजूरकडचा." कल्याण भांगरे. तेवीस वर्षांचा, काटक, हात इतके लांब की जर्सी मनगटाच्या वर राहायची. आठ दिवसांपूर्वी सरावात त्याचा गुडघा गेला होता. "डॉक्टर अडीच लाख सांगतोय ऑपरेशनचे. क्लबच्या सरावात लागलं तर खर्च क्लबचा, असं आपण करारात लिहून बसलोय. वकिलांनी लिहिलं, मी सही केली, चूक माझी. पण मॅनेजर म्हणतो, पोरगं सुट्टीत गावाकडच्या स्पर्धेत खेळून आलं होतं. तिथंच लागलं असणार. तसं असेल तर मग तो करारभंग झाला, नाही का? पैसेही द्यायचे नाहीत न् पोरगंही ठेवायचं नाही. तुम्ही मैदानात होता. तुम्ही म्हणाल ते खरं." आणि वाटी पुढं सरकवत, "घ्या ना बदाम." जस्टिन मैदानात होता म्हणजे काय, दहा पावलांवर होता. सराव संपला होता, पोरं बूट काढत होती, आणि त्यानंच कल्याणला थांबवलं होतं. डाव्या बाजूच्या उड्या अजून घे म्हणून. जमीन वाळून कडक झालेली. कल्याण पडला तेव्हा ओली फांदी पिळावी तसा आवाज आला होता आणि त्यानंतर कल्याण ओरडला नव्हता, नुसता म्हणाला होता, "सर, काहीतरी झालं." हे सगळं जस्टिनला केबिनमध्ये लख्ख आठवलं. आणि त्यानं मान हलवली.

आता शुक्रवारपासून तो त्या मान हलवण्याची फोड करत बसला होता. ती होकाराची नव्हती, ऐकतोय एवढंच सांगणारी होती. समोरचा बोलत असला की आपण हलवतो तशी. मोठ्या माणसापुढं तर आपोआप हलते. पण खाई त्याला खवखवे. मैदानावर त्याची मान म्हणजे हुकूम असायचा. बेंचकडं बघून त्यानं मान हलवली की पोरगं ट्रॅकसूट काढून उभं राहायचं, एक शब्द बोलावा लागायचा नाही. तीन वर्षं त्यानं हेच तर शिकवलं होतं, बोलणं कमी, इशारा पक्का. तेव्हा आपल्या मानेला काही अर्थ नसतो असं म्हणायला त्यानं स्वतःलाच जागा ठेवली नव्हती. आप्पासाहेबांनाही ठेवली नव्हती. ते लगेच म्हणाले होते, "झालं तर मग." आणि जस्टिननं बदाम उचलून तोंडात टाकला होता. चावला होता. चांगला लागला होता. हा बदाम आठवला की आता रस्त्यात उभ्या उभ्या त्याला थुंकावंसं वाटायचं, आणि थुंकलं तरी जात नव्हता.

घरी एंजेला सगळ्यांचे कपडे इस्त्री करून बसली होती. आज चर्चमध्ये सुगीचा सण, उपासना झाली की लिलाव, आणि लिलाव दरवर्षी प्रभुदास मास्तर पुकारायचे. मास्तर कोट घालून आरशासमोर घसा साफ करत होते. "पप्पा, आकडा गावभर कशाला केलात?" जस्टिननं विचारलं. मास्तरांनी त्याच्याकडं आरशातूनच बघितलं. "मी काय कुणाची चोरी सांगितली का? बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पगार विचारला की विषय बदलायचो, कारण सांगण्यासारखा नव्हता. तुला सांगायची लाज वाटते, कारण जास्त आहे. मग या घरानं पगार सांगायचा तरी कधी?" म्हातारा जिंकला होता आणि त्याला ते माहीत होतं. एंजेला हसली. ती शुक्रवारपासून हसत होती, कामं करता करता, मधेच थांबून. नगरच्या फ्लॅटमध्ये पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हे तिचं ठरून गेलं होतं. जस्टिनला तिच्या हसण्याचासुद्धा राग आला, आणि मग तिच्यावर राग काढतोय म्हणून स्वतःची किळस आली. त्यानं सांगायचा प्रयत्न केला. "कल्याणच्या गुडघ्याचं..." "अगं बाई, हो. करताहेत ना ऑपरेशन?" "बघताहेत," तो म्हणाला. बघताहेत. किती सोयीचा शब्द. बघणारा कोण ते सांगावं लागत नाही.

चर्चकडं चालता चालता त्याला एक तोड सुचली होती, आणि सुचली तेव्हा क्षणभर इतकं हलकं वाटलं की त्याचं पाऊलसुद्धा भराभर पडायला लागलं. ऑपरेशन अडीच लाखांचं. पगार अडीच लाखांचा. पहिला पगार कल्याणला देऊन टाकायचा. कुणाला कळायचं कारण नाही. मग तो विचार त्यानं जरा पुढं चालवून बघितला आणि तिथं त्याला दिसलं, की गुडघा दुरुस्त होईल पण करारभंगाचा ठपका राहील, क्लब जाईल, दुसरा क्लब दारात उभं करणार नाही. आणि इतकं सगळं होऊन कल्याण आपल्याच पाया पडेल. राजूरहून आई येईल, तीही पडेल. आपण त्यांना उचलून उभं करू. असू दे, असू दे म्हणू. त्याला चर्चच्या फाटकापाशी खरोखरच उमासा आला आणि त्यानं रुमाल तोंडाला लावला. "ऊन लागलं का?" एंजेलानं विचारलं.

चर्चच्या आवारात मंडप घातला होता. वेदीपाशी ठेवलेला माल बाहेर आणून टेबलावर मांडला होता, ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं, स्वयंपाकघरातलं आणलेलं. उसाची मोळी, भोपळे, कोंबड्या, अंडी, आंब्याचं लोणचं, एंजेलाचा केक. या लिलावाची रीत बाहेरच्याला वेडेपणाची वाटते. पाच रुपयांची लिंबं इथं पाचशेला जातात, आणि ज्यानं घेतली तो ती पुन्हा टेबलावर ठेवतो, परत पुकारा होतो, परत कुणी घेतं. वस्तूची किंमत कुणी करत नाही, देणाऱ्याच्या मनाची करतात, असं मास्तर दरवर्षी सुरुवातीला सांगायचे. जस्टिनला लहानपणी हे फार आवडायचं. आज त्याच्याभोवती माणसं गोळा झाली. सलाम सर, सलाम, अभिनंदन. हातात हात घेऊन लोक तो सोडत नव्हते. प्रत्येकाच्या डोळ्यांत आकडा दिसत होता. आणि पहिल्या रांगेत, शाल पांघरून, पाळकांच्या शेजारी आप्पासाहेब बसले होते. प्रमुख पाहुणे. त्यांना कुणी बोलावलं हे विचारायची गरज नव्हती. मास्तर छाती काढून उभे होते. आप्पासाहेबांनी हातानं खूण करून जस्टिनला शेजारी बसवलं. "तुमची माणसं फार शिस्तीची, सर," ते म्हणाले.

तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी कल्याण दिसला. एका काखेत कुबडी, गुडघ्याला पट्टा, खांद्यावर पिशवी. राजूरहून एसटीनं संगमनेर, तिथून दुसरी गाडी, तशा पायानं. जस्टिन उठून त्याच्याकडं गेला, म्हणजे पाय गेले. "आईनं तांदूळ दिलाय सर," कल्याण म्हणाला. "नवा हाय, वासाचा. तुमच्यात आज सुगीचा सण असतो म्हणलं, तर देवापुढं ठेवाया द्यावा." घामानं त्याचा चेहरा पांढुरका पडला होता. जस्टिननं पिशवी घेतली. "कशाला आलास एवढ्या लांब?" "तुमचं काँट्रॅक्ट झालं न्हवं? म्हणलं भेटून यावं." मग आवाज खाली आणून, "काल मॅनेजरचा फोन आलता, सर. म्हणला, पाटोळे सर म्हणत्यात तुला गावाकडं लागलं. म्या म्हणलं, सर म्हणत्यात तर मग तसंच आसंल." टोमणा असता तर बरं झालं असतं. शिवी असती तर फारच बरं. पण त्या तोंडावर काही म्हणजे काहीच नव्हतं. सामन्याआधी सूचना ऐकून घेताना असायचं तेच तोंड होतं. "अरे, तुला ठाऊक आहे ना कुठं लागलं?" "ठाऊक हाय की," कल्याण म्हणाला. "पर तुमी काय उगंच म्हणला न्हसाल."

तांदळाची पिशवी टेबलावर गेली. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज लावला, की ही राजूरच्या माउलीची भेट, तिचा मुलगा पायाला लागलं असताना घेऊन आला, बोला, सुरुवात कोण करतो? कुणीतरी पाचशे म्हणालं. आप्पासाहेबांनी बोट वर केलं, "पाच हजार." मंडप हलला. मास्तरांनी मुलाकडं बघितलं. तिथं नुसता बाप नव्हता, बत्तीस वर्षं विषय बदलत आलेला माणूस होता, आणि त्याच्या नजरेला नाही म्हणणं जस्टिनला जमलं नाही. मान हलली. "दहा. जस्टिन सर दहा हजार." आप्पासाहेब हसले, त्यांना मजा येऊ लागली होती. वीस. तीस. चाळीस. लोक खुर्च्यांवरून उठून बघायला लागले, एंजेलानं तोंडावर हात ठेवला, पाळकसाहेबांनी छताच्या गळतीचा हिशोब मनात मांडलाच असणार. पन्नास. तिकडं कल्याण खांबाला टेकून एका पायावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आईचा तांदूळ पन्नास हजारांना चालला होता. साठ, आप्पासाहेब म्हणाले, आणि जस्टिनच्या मनात आलं, पाव गुडघा झाला. सरळ असाच विचार आला, गणितासारखा. हा माणूस कोंडाळ्यासमोर मौजेखातर पाव गुडघा उधळतोय आणि मी त्याच्या अंगावर बोली चढवतोय, आणि ज्याचा गुडघा तो टाळ्या वाजवतोय. घशाशी आलेलं त्यानं गिळलं. मळी, बदाम, दाढीचा फेस, सगळं. "साठ हजार एकवार," मास्तर म्हणाले. "जस्टिन सर?"

जस्टिन उभा राहिला. लोकांना वाटलं आता लाख म्हणणार. "आप्पासाहेब," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "कल्याणला आपल्या मैदानावर लागलं. सरावात. माझ्यासमोर. सराव संपल्यावर मी थांबवून घेतलं होतं त्याला. गावाकडं नाही लागलं. ऑपरेशन क्लबनं करायचं आहे." कोंबड्यांची तेवढी खुडबुड. मास्तरांच्या हातात तांदळाची पिशवी तशीच वर राहिली. एंजेला बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू अजून जायचं होतं, त्याला वेळ मिळाला नव्हता. जस्टिनला वाटलं, झालं एकदाचं. फ्लॅट गेला, गाडी गेली, अडीच लाख गेले, उद्यापासून न्हावी पैसे घेईल. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं पूर्ण श्वास घेतला.

आप्पासाहेब रागावले नाहीत. त्यांनी शाल सारखी केली आणि मंडपभर नजर फिरवून ती खांबापाशी थांबवली. "असं होय? मला कुणी तसं सांगितलं नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "मग त्यालाच विचारू की. ज्याचं दुखणं त्याला ठाऊक. काय रे बाळा, कुठं लागलं तुला?" सगळ्या माना कल्याणकडं वळल्या. त्यानं आधी जस्टिनकडं बघितलं, मग आप्पासाहेबांकडं, पुन्हा जस्टिनकडं. कुबडीवरची पकड बदलली. "सांग, कल्याण," जस्टिन म्हणाला. "घाबरू नको. खरं ते सांग." कल्याण दोन पावलं पुढं आला. "गावाला लागलं, साहेब," तो म्हणाला. "जत्रंच्या मॅचला. दुसऱ्या हाफात. पावसाचं पानी साचलेलं गोलापाशी, पाय गेला." तो थांबला, मग घाईघाईनं म्हणाला, "सर तितं न्हवते. त्यांना म्हाईत न्हाई. माज्यासाठी म्हणत्यात ते. सर लई चांगले हायेत, साहेब. त्यांच्या काँट्रॅक्टला काय करू नका."

कुणीतरी च् च् केलं. मागून एका बाईचा आवाज आला, किती गुणाचं लेकरू. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. आप्पासाहेबांनी मान डोलावली, कौतुकानं, आणि मोठ्यानं म्हणाले की असा शिष्य असायला भाग्य लागतं, क्लब माणुसकीच्या नात्यानं त्याला काहीतरी देईलच, आणि सरांची मुदतवाढ तर आजच जाहीर समजा. टाळ्या झाल्या. पुष्कळ वेळ झाल्या. जस्टिन उभाच होता. आता बोलायचं होतं. जत्रा चैत्रात असते, मग आत्ता सुगीच्या दिवसांत ही मॅच कुठली, पाऊस कुठला, असं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच्या तोंडात तयार होतं. कल्याण कुबडी टेकत त्याच्यापाशी आला आणि मोकळ्या हातानं त्याची खुर्ची मागून सरकवून म्हणाला, "बसा सर." आणि जस्टिनला, लाज वाटायच्या आधी, राग यायच्या आधी, त्या पोराच्या तोंडाकडं बघायचं धाडस व्हायच्याही आधी, सुटल्यासारखं वाटलं. खरं बोलून झालं होतं, आणि पगारही गेला नव्हता. तो खाली बसला.